पीडी-१ ची कुपी आणि रत्नागिरीची दमट हवा

जुलैत आमच्या रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेलं) पीडी-१ प्रोटीन आलं, कोरड्या पावडरीच्या रूपात. टी पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा, हा ब्रेक. जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजोंच्या गटाने १९९२ मध्ये शोधला, २०१८ च्या नोबेलमुळे सर्वांना ठाऊक झाला. आमचं प्रोटीन एचईके २९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत बनवलेलं, रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग तेवढा, शेपटीला एफसी (अँटिबॉडीचा बुंधा).

पीडी-एल१ (पीडी-१ चं जोडीदार प्रोटीन) लावलेल्या प्लेटवर पहिली एलायझा, म्हणजे प्रोटीन चिकटलं की रंग येणारी चाचणी, झकास झाली. पंधरा दिवसांनी तीच चाचणी केली तर प्लेट फिकट, लिंबाच्या पाण्यासारखी. संशय आधी रंग देणाऱ्या सब्स्ट्रेटवर, मग अँटिबॉडीवर. दोन्ही निर्दोष.

घोळ माझाच. फ्रीजरमधून काढलेली गार कुपी मी लगेच उघडली होती. इथे पापड ताटात येईतो सादळतो, तिथे त्या कोरड्या पावडरीचं काय! वर तीच एक कुपी पाच-सहा वेळा गोठवली, वितळवली. पातळ द्रावणातलं प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं ते वेगळंच.

नवी कुपी बंदच ठेवून अर्धा तास डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला आणली. बुचाला चिकटलेली पावडर खाली यावी म्हणून सेंट्रिफ्यूजला एक फेरा. पीबीएस (खारट बफर) कडेने सोडलं, व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळलं नाही, नुसतं हलकं फिरवलं. त्यात ०.१ टक्के बीएसए, हे गाईच्या रक्तातलं प्रोटीन, म्हणजे प्लास्टिकला तेच चिकटतं. (पुढे प्रोटीनला बायोटिनची खूण लावायची असेल तर बीएसए अजिबात नको, बायोटिन त्यालाच चढतं.) मग १०-१० मायक्रोलिटरचे वाटे, उणे ८० ला. एक वाटा एकदाच, उरलं तर फेकायचं. जिवावर येतं, पण फेकते.

गणपतीआधीची प्लेट पुन्हा हळदीसारखी पिवळी आली.