जुन्या गाडीचे शॉकअप बदलताना

जुन्या गाडीतून खडखड यायला लागली की पहिला आळ शॉकअपवर येतो. बऱ्याचदा बिचारा निर्दोष असतो. चारही शॉकअप नवे टाकूनही आवाज तसाच राहिलेल्या गाड्या कमी नाहीत, म्हणून पाना हातात घेण्याआधी आवाजाचा उगम शोधा.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. त्याच्या नळीत तेल असतं, पिस्टनच्या बारीक व्हॉल्व्हमधून ते दाबलं जातं आणि उसळीतला जोर उष्णतेत जिरतो. खराब रस्त्यावरून आल्यावर चारही शॉकअपना हात लावून पाहा: काम करणारे कोमट लागतात, मेलेला बाकीच्यांपेक्षा थंड असतो. गाडी एका बाजूला बसली असेल, तर मात्र शॉकअप नव्हे, स्प्रिंग तपासा. बऱ्याचदा तिचा सगळ्यात खालचा वेढा गंजून तुटलेला असतो आणि चाक काढल्याशिवाय तो सहसा दिसत नाही.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलसर थर असेल तर घाबरू नका. ओघळ खाली उतरून त्यावर धूळ चिकटली असेल, तर सील गेलं. टायरवरून तळहात फिरवा. रबरात ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे लागले, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. बंपर दाबून सोडायची चाचणी सगळे करतात, पण तिच्यावर फार विसंबू नका. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉकअप नक्की गेला, पण एकदाच झुलून थांबली म्हणजे तो चांगला असं नाही, कारण अर्धा झिजलेलाही इथे पास होतो.

आता आवाज. हळू चालवताना छोट्या खड्ड्यांवर टकटक येत असेल, तर आधी स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड हलवून पाहा. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग टण्णकन उडी मारत असेल, तर स्ट्रटचं (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या पुढच्या भागाचं) वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग अडकलंय. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकच धप्प आवाज येतो तो लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणाऱ्या भागाच्या) बुशचा, म्हणजे रबरी सांध्याचा. शेवटी चाक हवेत उचलून वर-खाली धरून हलवा: ढिलेपणा जाणवला तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक.

शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीनेच बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक थकलेला असला की जोरात ब्रेक मारल्यावर गाडी तिरकी वागते. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना धक्का झेलणारा ठोकळा), धुळीचं रबर आणि वरचं माउंट त्याच वेळी नवं घ्या. हे भाग फार महाग नसतात, आणि नंतर बदलायचे तर अख्खा स्ट्रट पुन्हा उतरवावा लागतो. नायलॉनच्या कड्याचे नट एकदाच वापरायचे असतात, तेही मागवा.

आदल्या रात्री सगळ्या नटांच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सपाट, टणक जमिनीवर गाडी लावा, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करा, मग उचला आणि जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

मागचे शॉकअप. यांत सहसा वर एक आणि खाली एक बोल्ट असतो. मात्र बऱ्याच गाड्यांत अॅक्सल किती खाली लटकेल हे शॉकअपच ठरवतो. तो सोडला की अॅक्सल खाली येतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग निसटू शकते. म्हणून अॅक्सलखाली दुसरा जॅक टेकवूनच बोल्ट काढा, आणि एक बाजू पूर्ण करूनच दुसरीकडे वळा.

पुढचा स्ट्रट. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या पकडीतून सोडवा, लिंक रॉड काढा. नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) धरणाऱ्या दोन बोल्टांची जागा रंगाने खुणा करून ठेवा, कारण काही गाड्यांत चाकाचा कल तिथेच ठरतो. बोल्टला दाते असतील तर बोल्टचं डोकं स्थिर धरून नट फिरवा. नकल सुटला की बाहेर कलंडतो. तो तारेने बांधून ठेवा, नाहीतर ब्रेकच्या पाइपवर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावर ओढ येते. मग बॉनेटखालचे वरचे नट काढा, पण मधला मोठा नट नाही. दाबलेल्या स्प्रिंगला फक्त तो अडवून धरतो आणि सुटला तर हाड मोडण्याइतक्या जोराने भाग उडतात.

या टप्प्यावर चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) हाताशी नसेल तर थांबा. उतरवलेला स्ट्रट गॅरेजमध्ये नेऊन भाग बदलून आणणं किंवा तयार जोडलेला स्ट्रट घेणं यात काही कमीपणा नाही. स्वतः करणार असाल तर दोन्ही पकडी स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावा, आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एअर गन वापरू नका आणि स्प्रिंगच्या टोकांसमोर तोंड नेऊ नका. स्प्रिंग वरच्या बैठकीत ढिली झाली की मगच मधला नट सोडा.

नवा तेलाचा शॉकअप आडवा पडून आलेला असतो, त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असू शकते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, झटका न लागता एकसारखा चालेपर्यंत. दांडा पक्कडने कधीच धरू नका. चकचकीत दांड्यावरचा एक ओरखडा नवं सील कापायला पुरतो. नट आवळताना दांडा स्थिर धरायला त्याच्या टोकाला सहसा अॅलन कीची खाच असते. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलंय याची खात्री करून मगच कॉम्प्रेसर सैल करा.

लोअर आर्म आणि बॉल जॉइंट. बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये अडकून बसली असेल तर आट्यांवर हातोडा मारू नका. नकलच्या ज्या भोकात ती बसली आहे त्याच्या कडेला बाजूने दोन-चार ठोके द्या. धक्क्याने ती सुटते.

इथे एक गोष्ट अनुभवी मेकॅनिकही घाईत विसरतात. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळवटतं. चाक हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळलात, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून सगळे बोल्ट आधी फक्त बसवून घ्या. मग आर्मखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून किंचित उचलली जाईपर्यंत वर घ्या आणि त्या अवस्थेत टॉर्क पान्याने (नेमक्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) शेवटचं आवळा. मागच्या शॉकअपच्या रबरी टोकांनाही हाच नियम. आवळण्याच्या जोराचे आकडे मात्र तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या.

चाकं बसवल्यावर जवळच एक फेरी मारा, ब्रेक दाबून पाहा, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाइप कुठे घासत नाही ना ते बघा. पुढचा स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉड एंड हलवला असेल तर व्हील अलाइनमेंट लगेच करून घ्या. शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्टांना पुन्हा एकदा टॉर्क पाना लावा.

आणि सगळं नवं टाकूनही घरघर येत राहिली, तर बेअरिंगच्या मागे लागण्याआधी टायर बघा. खळगे पडलेला टायर नव्या शॉकअपने सपाट होत नाही. तो बदलेपर्यंत आवाज करतच राहतो.