जुने सेल, फुगलेली बॅटरी: कचऱ्यात नको

सांगलीत कुणाच्याबी घरातला ड्रॉवर उघडा, रिमोटचे संपलेले सेल असतातच. ते घंटागाडीत टाकू नका, कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत साठवा. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणि मोबाईलची बॅटरी असंल तर टोकांवर आधी सेलोटेप मारा, नायतर किल्लीबिल्ली टेकली की शॉर्ट होऊन पेटतंय. फुगलेली असली तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला तर अजिबातच नको, वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा.

इन्व्हर्टर नायतर ट्रॅक्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, पैसेबी कमी होतात. ती कुठंतरी फोडून ॲसिड गटारात ओतलं की बॅटरीतलं शिसं शेवटी माती-पाण्यातच, आणि लहान पोरांच्या मेंदूला ते लई वाईट. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकलीय, तेव्हा साठवलेले सेल, बॅटऱ्या कुठं द्यायच्या ते दुकानात बिनधास्त विचारा.