हिरव्या पेशींवर भाळण्याआधी

पुण्यात बायोटेक किंवा एम.फार्म. करून फुप्फुसात जनुक पोचवणाऱ्या लिपिड नॅनोपार्टिकलच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांच्या, लॅबमध्ये येणाऱ्याची गाठ बहुतेक वेळा आधी ए५४९ पेशींशी पडते. फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेल्या या पेशी एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या भांडारातून मागवता येतात आणि वाढतातही भराभर. लिपिडसोबत जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं वर्तुळ) दिला की दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली हिरव्यागार दिसतात. फोटो घरच्या ग्रुपवर जातो. जाऊ द्या, पण त्यावरून फुप्फुसाबद्दल काही बोलू नका.

धनभारित लिपिड आणि ऋणभारित डीएनए एकत्र येऊन पेशीत शिरतात, हे १९८७ पासून माहीत आहे. पेच पुढे आहे. पेशी कणाला ज्या पिशवीत आत घेते त्या एंडोसोममधून तो वेळेत सुटला नाही तर लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनकोशात, त्याचा फडशा पडतो. सुटला तरी प्लाझ्मिडला केंद्रकात जायचं असतं. ए५४९ सतत विभागतात, विभाजनात केंद्रकाचं आवरण विरघळतं, म्हणून तिथे प्लाझ्मिडचं फावतं. खऱ्या श्वासनलिकेतल्या पेशी क्वचितच विभागतात, शिवाय वर चिकट श्लेष्मा. एमआरएनएचं, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या संदेशाचं, काम केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यातच भागतं, त्यामुळे हा केंद्रकाचा अडसर त्याला नाही.

सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात घट्ट श्लेष्मा साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. ब्रिटनमध्ये त्याची निरोगी प्रत लिपिडमधून रुग्णांना वर्षभर, दरमहा नेब्युलायझरने, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या यंत्राने, दिली गेली. २०१५ च्या निकालात प्लासिबोपेक्षा (नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा) एफईव्ही१ मध्ये, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेल्या हवेत, फरक पडला तो ३.७ टक्क्यांचा. मला तो निकाल निराशाजनक वाटत नाही. श्लेष्मा पार करून एवढं झालं, हेच विशेष.

म्हणून सुरुवातीचे महिने कंटाळवाण्या कामात घाला. डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजणाऱ्या यंत्रावर) कणांचा आकार आणि पीडीआय, म्हणजे आकारांतली तफावत, एमटीटी या रंगचाचणीने विषारीपणा, आणि जनुक नसलेल्या नुसत्या लिपिडचा कंट्रोल, कारण धनभारित लिपिड स्वतःच पेशी मारतात. पेशींत नकळत वाढणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी ठरावीक काळाने कराच. जमेल तेव्हा कॅलू-३ या फुप्फुसाच्याच दुसऱ्या पेशी हवेच्या संपर्कात वाढवायला शिका. वेळ आणि माध्यम दोन्ही खातात, पण त्यांच्यावर श्लेष्मा धरतो.

पाषाणला एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था, विद्यापीठ परिसरात एनसीसीएस, हिंजवडीला एमआरएनए लस बनवणारी जेनोव्हा, एवढं सगळं एका शहरात आहे. जेआरएफ ही संशोधकांची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. मुलाखतीत फोटो दाखवलात तर प्रश्न येणारच: नेब्युलायझरमधून गेल्यावर कणांचा आकार किती राहिला? तो आकडा जवळ ठेवा.