दावा पुण्यात, जमीन वाईत

चुलतभावाने आमच्या हिश्श्यासकट गावची जमीन परस्पर विकली. खरेदीखत रद्द होऊन ताबा मिळावा म्हणून मी दावा लावला तो पुण्यात, कारण आम्ही दोघंही इथलेच. दीड वर्ष नुसत्या तारखा. मग ऑर्डर ७ रूल १० खाली वादपत्रच (दाव्याचा लेखी अर्ज) परत हातात, कारण कोर्ट चुकीचं! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे जमीन जिथे, दावा तिथे. सातबाऱ्यावर तर पहिल्याच ओळीत ‘तालुका वाई’ होतं.

तोवर खरेदीखत रद्द करण्याचा दावा लावायची ३ वर्षांची मुदत उलटलेली. पोटात गोळा आला. नव्या वकिलांनी वादपत्रावरचा कोर्टाचा शेरा दाखवला : दाखल तारीख, परतीची तारीख, कारण. तो जोडून वाईला दावा लावला आणि मुदत कायद्याच्या कलम १४ खाली पुण्यातले दिवस वगळून मागितले. मिळाले.