जळत्या शहराचं जुनं कोरीवचित्र कसं बघावं

सतराव्या शतकातली लढाईची कोरीवचित्रं (तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) बघताना पहिल्यांदा नुसता गोंधळ दिसतो. उदाहरणाला माग्डेबुर्ग घेऊ. एल्बे नदीकाठचं हे जर्मन प्रोटेस्टंट शहर २० मे १६३१ रोजी सेनापती टिलीच्या कॅथलिक फौजेने फोडलं. लूट, कत्तल, मग आग. साधारण २०,००० माणसं गेली. फ्रांकफुर्टच्या माथेउस मेरियान या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराने त्याचं चित्र छापलं. ते स्क्रीनवर होईल तेवढं मोठं करा.

१. आधी नदी शोधा. आपण पूर्वेच्या काठावर उभे आहोत, शहर पलीकडे. मग डावीकडे दोन मनोऱ्यांचं कॅथेड्रल शोधा. ते आगीतून वाचलं आणि आत लपलेले हजारेक लोकही.

२. चित्रासोबतच्या मजकुरात १० मे ही तारीख दिसली तर चूक समजू नका. प्रोटेस्टंट लोक तेव्हा जुनंच पंचांग वापरत, दहा दिवस मागे.

३. आता रेघा. इथे घाई नको. कोरणीने तांब्यावर ओढलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते, शेवटी टोकदार होते. दुसरी पद्धत आम्लाने पत्रा खाऊन रेघ उमटवायची; ती रेघ दोन्ही टोकांना बोथट राहते. मेरियानकडे दोन्ही भेटतात. धुराचे लोट बघा: काळा रंग कुठेच नाही, फक्त शेजारी शेजारी वळत गेलेल्या रेघा. मी तर धुरातच अर्धा तास घालवतो.

४. कुठल्याही अशा चित्रात सैनिकांचे हात तपासा. छापताना चित्र आरशासारखं उलटतं, म्हणून पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. अक्षरं उलटी कोरायला कोणी विसरत नाही, पण तलवारी मात्र कधी कधी डाव्या हातात जातात.

५. शेवटी माणसं मोजा. फार सापडणार नाहीत. एवढ्या लांबून शहर दिसतं, मरणारा दिसत नाही. माझ्या मते या चित्राची हीच मोठी उणीव. ती भरायला ओटो फॉन गेरिके वाचा. पुढे निर्वात पोकळीच्या प्रयोगांनी गाजलेला हा माणूस त्या दिवशी बायकामुलांसह शहरातच होता, आणि शिपाई घराघरांत कसे घुसले ते त्याने लिहून ठेवलंय. ते वाचून झालं की परत चित्राकडे या आणि धुराखालच्या एखाद्या छपरावर भिंग धरा.