भाषेचे मूळ क्लास त्याच भाषेत लिहिताय? या चुका टाळा

रुबी या प्रोग्रामिंग भाषेतले ॲरे (यादी), स्ट्रिंग (मजकूर), हॅश (नाव-किंमत जोड्या) हे मूळ क्लास, म्हणजे भाषेसोबतच येणारे डेटाचे प्रकार, बहुतांशी सी भाषेत लिहिलेले आहेत. रुबिनियस या रुबीच्या वेगळ्या इंटरप्रिटरने (कोड चालवणाऱ्या प्रोग्रामने) मात्र ते शक्य तितके रुबीतच लिहिले. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या रुबी 3.4 मध्येही, वायजेआयटी (कोड चालतानाच तो यंत्रभाषेत बदलणारा रुबीचा जेआयटी कंपायलर) चालू असेल तर, ॲरेची 'ईच' ही प्रत्येक घटकावर फिरणारी मेथड (क्लासमधली क्रिया) रुबीत लिहिलेली चालते. मला ही वाट मनापासून पटते, कारण रुबी येणारा कोणीही हा कोड उघडून वाचू शकतो. पण इथे अडचणी नेहमीच्या प्रोग्रामपेक्षा वेगळ्या येतात.

इंटरप्रिटर सुरू होताक्षणी स्टॅक (चालू मेथडची नोंद ठेवणारी जागा) भरून कोसळला, तर बहुधा पाया ठरलेला नसतो. 'ईच'मध्ये लूप, लूपमध्ये `<` (लहान आहे का ही तुलना), आणि ते `<` सुद्धा तुम्हीच लिहिलेलं, पुन्हा आत `<` वापरून! कुठल्या क्रिया थेट यंत्राकडे जाणार, त्या प्रिमिटिव्हांची यादी आधी कागदावर मांडा. स्क्वीक या स्मॉलटॉक भाषेच्या आवृत्तीत छोट्या पूर्णांकांची बेरीज आधी प्रिमिटिव्ह क्रमांक 1 कडे जाते. ती फसली, म्हणजे उत्तर मावलं नाही, तरच खालचा स्मॉलटॉक कोड चालतो. फाइली चढवण्याचा क्रमही पायाचाच भाग. मेथड जन्मायच्या आधीच कोणी तिला हाक मारली, तर तिथेच सगळं अडतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे वापरणारा आपल्या मेथडना हात लावणार नाही असं गृहीत धरणं. रुबीत तो `/` सुद्धा बदलू शकतो. जुन्या रुबीसोबत 'मॅथएन' नावाची लायब्ररी यायची (2.5 पासून ती मूळ संचातून काढली). ती लोड केली की 1 भागिले 2 चं उत्तर शून्याऐवजी अपूर्णांकात यायचं. आता समजा तुमच्या बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादी दर वेळी अर्धी करत शोधण्यात) मधली जागा दोन टोकांची बेरीज भागिले 2 अशी काढली आहे. टोकं 0 आणि 5 असतील तर मधली जागा 2 नाही, पाच-द्वितीयांश! चूक वापरणाऱ्याच्या फाइलीत दिसतच नाही, म्हणून शोधायला दिवस जातात. मूळ क्लासच्या आत असं गणित प्रिमिटिव्हनेच करा. `+`, `/`, 'साइझ' (लांबी सांगणारी मेथड), 'ईच' मुद्दाम बदलून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा. ॲरेवरून बनवलेल्या सबक्लासमध्ये कोणी 'साइझ' बदलली, तर तुमची 'ईच' कोणाचं ऐकणार, तेही तेव्हाच कळेल.

दुसरी सापडायला अवघड चूक: लूपआधी ॲरेची लांबी मोजून ठेवणं. [1, 2, 3, 4] वर 'ईच' चालवा आणि ब्लॉकमध्ये ('ईच'ला दिलेल्या कोडच्या तुकड्यात) आलेला आकडा ॲरेतून काढत जा. सी मधली 'ईच' दर फेरीला लांबी तपासते, म्हणून ब्लॉकला 1 आणि 3 मिळतात. लांबी आधीच धरून ठेवलीत तर 1, 3 आणि मग दोनदा 'निल' (काहीच नाही) मिळतो.

एरर आल्यावर बॅकट्रेसमध्ये (कोणत्या ओळीतून कोणती मेथड चालली त्या यादीत) तुमच्या मूळ क्लासच्या आतल्या ओळी दिसू देऊ नका. वापरणाऱ्याला त्याची स्वतःची ओळ हवी असते. रुबी 3.4 त्या लपवते.

वेगाबद्दल: जेआयटीला सी मेथडच्या आत पाहता येत नाही, रुबीतल्या मेथडमध्ये पाहता येतं, म्हणून जेआयटीसोबत रुबीतली 'ईच' जिंकू शकते. जेआयटी नसेल तर तीच सी पेक्षा हळू पडते. म्हणूनच रुबी 3.4 मध्ये वायजेआयटी चालू असण्याची ती अट आहे. जेआयटी चालू आणि बंद, दोन्ही मोजून मगच सी मधली मेथड काढा.