गजबजलेल्या बंदराच्या तळातून पाण्याची पाइपलाइन टाकताना

समुद्राखालून पाइप म्हटलं की सगळ्यांना गळतीची धास्ती वाटते. पण त्याआधीची अडचण अशी, की पाइप तळाशी राहतच नाही. ६३० मि.मी. बाहेरील व्यासाचा, एसडीआर ११ चा (म्हणजे बाहेरील व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा, पाइप घ्या. मीटरमागे त्याचं वजन साधारण ९८ किलो, आत मावणारं गोडं पाणी २०९ किलो, मिळून ३०७. तो बाजूला सारतो ते खारं पाणी मात्र ३१९ किलो. म्हणजे काठोकाठ भरलेला पाइपही वर येणार.

म्हणून काँक्रीटचे ठोकळे. दर ३ मीटरला ५०० किलोचा, दोन अर्धुकांचा ठोकळा बोल्टने आवळा. पाण्यात त्याचं वजन २८५ किलोच उरतं, म्हणजे मीटरमागे ९५. एवढ्या वजनानिशी हवा भरलेला पाइप तरंगत ओढून नेता येतो आणि पाणी भरलं की खाली बसतो. ठोकळ्याखाली रबराची पट्टी हवीच. नाहीतर बुडवताना ठोकळे उतारावर घसरून एका जागी गोळा होतात.

पाइप पुरायला समुद्रतळात चर खणतात; त्याची खोली आजच्या तळावरून धरू नका. बंदर पुढे चॅनेल (जहाजांचा मार्ग) किती खोल करणार, तो आकडा मागून घ्या आणि पाइपचा माथा त्याच्याही पुरेसा खाली ठेवा. नांगर घट्ट वाळूत थोडाच रुततो, मऊ चिखलात मात्र कित्येक मीटर. त्यामुळे चिखलात नुसतं पुरून भागत नाही, वर दगड लागतोच. खणलेला चर गाळाने पुन्हा भरत राहतो, तेव्हा बुडवण्याच्या अगदी आधी मल्टीबीम सर्व्हे (ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजणं) परत करा.

बुडवायचं काम भरती-ओहोटीच्या मधल्या संथ पाण्यात, बंदराकडून वाहतूक थांबवून घेऊन. एका टोकाने पाणी सोडा, दुसऱ्या टोकाच्या व्हॉल्व्हमधून हवा बेताने काढा. त्या टोकाला टगचा (ओढणाऱ्या बोटीचा) ताण कायम हवा. १५ मीटर खोलीला आतल्या हवेचा दाब सुमारे दीड बार, म्हणजे बाहेरच्या पाण्याइतका, धरावा लागतो. घाईने हवा सोडली तर पाइप वेगाने खाली जातो, बाक आवळतो आणि पाइप मुडपतो. मुडपलेला तुकडा कापूनच काढावा लागतो. शेवटची फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) लगेच आवळू नका: उन्हात तापलेला ५०० मीटरचा पाइप २० अंशांनी गार झाला की दीड ते दोन मीटर आखडतो.

चर भरताना खणलेला गाळच परत लोटायचा मोह होतो. तो टाळा. घनमीटरला १३०० किलो घनतेच्या पातळ गाळात वरच्या हिशोबातला पाइप ठोकळ्यांसकट तरंगतो! बाजूने आणि माथ्यावर वाळू-खडी, त्यावर मधल्या आकाराच्या दगडांचा थर, मग मोठे दगड. दगड तळाच्या पातळीवर संपवा. उंचवटा राहिला तर जहाजांची खोली कमी होते. मोठे दगड उंचावरून थेट पाइपवर सोडू नका.

दाबाची चाचणी करताना एचडीपीई फुगतो, म्हणून सुरुवातीला दाब उतरला की लगेच गळती समजू नये. मग क्लोरीनने धुऊन पाण्याचे नमुने तपासा. लाइनची नेमकी जागा नौकानयनाच्या नकाशावर चढवून घ्या, दोन्ही किनाऱ्यांवर ‘नांगर टाकू नये’चे फलक लावा.

दोन्ही काठांना व्हॉल्व्ह आणि फ्लोमीटर बसवा. दोन आकड्यांतला फरक वाढला की गळती पाणबुड्यांआधी कळते. लाइन बंद ठेवतानाही आतला दाब बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त राहू द्या, नाहीतर फटीतून खारं पाणी आत शिरतं. दुरुस्तीसाठी पाइप हवेने रिकामा करणं तर नकोच: तेव्हा मीटरमागे २२१ किलोची उचल, आणि धरून ठेवायला ठोकळ्यांचे ९५ किलो नि वरचा भराव, एवढंच.